विषुववृत्तावरची मोजणी

1736 सालच्या ऑक्टोबरात, किटो शहराच्या पूर्वेला यारुकीच्या उघड्या पठारावर एक विचित्र काम चाललं होतं. वीस-वीस फुटी लाकडी काठ्या एकापुढे एक आडव्या ठेवायच्या, पाणसळ लावून समतल करायच्या, टोकाला टोक भिडलं की मागची काठी उचलून पुढे न्यायची. जमीन उतरती लागली की ओळंबा सोडून खालच्या काठीचं टोक वरच्या काठीच्या नेमकं खाली आणायचं. रोज या काठ्या एका लोखंडी पट्टीशी ताडून पाहायच्या, कारण लाकूड दमट हवेत फुगतं आणि उन्हात आकसतं. ती पट्टी पॅरिसहून आणलेली होती, लांबी एक त्वाझ, म्हणजे आपले जेमतेम 1.95 मीटर. एक तुकडी उत्तरेकडून निघाली होती, दुसरी दक्षिणेकडून. त्यांच्यासाठी वाटेतली झुडपं तोडणारे, भिंती पाडणारे, खड्डे भरणारे हात मात्र गावोगावच्या आदिवासी मजुरांचे होते.

दोन्ही तुकड्यांनी सव्वाबारा किलोमीटरचं ते अंतर स्वतंत्रपणे मोजलं आणि आकडे समोरासमोर ठेवले. फरक तीन इंचांहूनही कमी निघाला. आजही एखाद्या मोजणीदाराला हा किस्सा सांगितला तर तो आधी हसेल आणि मग पुन्हा विचारेल, किती म्हणालात?

एवढा खटाटोप कशासाठी? पृथ्वी गोल आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण कशी गोल? न्यूटनने 1687 मध्ये गणिताने मांडलं होतं की स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आणि ध्रुवांकडे चपटी असली पाहिजे. त्याच्या हाताशी एक पुरावाही होता. झां रिशे हा फ्रेंच खगोलज्ञ 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. म्हणजे विषुववृत्तापाशी गुरुत्वाकर्षण थोडं क्षीण होतं. उलट फ्रान्समध्ये कासिनी घराण्याने उत्तर-दक्षिण मोजणी करून निष्कर्ष काढला होता की पृथ्वी ध्रुवांच्या दिशेने लांबट आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत यावरून दोन तट पडले, आणि त्याला इंग्रज विरुद्ध फ्रेंच असा रंगही चढला. निकाल लावायचा एकच मार्ग होता: विषुववृत्ताजवळ अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजायची आणि ती फ्रान्समधल्या लांबीशी ताडायची. विषुववृत्तावरचा अंश आखूड निघाला तर न्यूटन खरा.

पण विषुववृत्तावर मोजणीसाठी जायचं कुठे? आफ्रिकेचा अंतर्भाग युरोपला अपरिचित होता, अमेझॉनच्या जंगलात पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. अँडीज पर्वताच्या दोन रांगांमधली किटोची खोरी मात्र जणू या कामासाठीच घडवली होती. दोन्ही बाजूंना शिखरं, शिखरावरून शिखर दिसतं, त्रिकोण आखत दक्षिणेकडे जायचं. अडचण एवढीच की तो मुलूख स्पेनचा. स्पेनने आपली अमेरिका परक्यांना दोनशे वर्षं बंद ठेवलेली. तिथल्या चांदीच्या खाणी, बंदरं, तटबंद्या कुणाच्या नजरेस पडू नयेत ही त्यांची धास्ती होती आणि ती वावगी नव्हती. तरी परवानगी मिळाली, ती नात्यामुळे. स्पेनचा राजा पाचवा फिलिप हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू. 1734 मध्ये त्याने होकार दिला, पण सोबत दोन स्पॅनिश नौदल अधिकारी असतील ही अट घातली. त्यांनी मोजणीत भाग घ्यायचा, टिपणं ठेवायची आणि पाहुण्यांवर नजरही ठेवायची. होर्हे हुआन होता बाविशीच्या आतबाहेर, अंतोनियो दे उयोआ अवघा एकोणीस वर्षांचा. फ्रेंचांना वाटलं, पोरं आहेत, काय करणार? हा अंदाज सपशेल चुकला.

फ्रेंच मंडळींत तीन मोठी माणसं होती आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. लुई गोदँ नावापुरता प्रमुख, पण पैसे उडवणारा. पिएर बूगेर गणितात सर्वांत वरचढ, प्रवासाचा मनापासून तिटकारा असलेला. शार्ल-मारी द ला कोंदामिन श्रीमंत, बोलका, धाडसी आणि आपलं नाव कुठे कोरलं जाईल याकडे सतत डोळा ठेवणारा. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ द ज्युसिए, शल्यवैद्य सेनिएर्ग, चित्रकार मोरँव्हील आणि कूप्ले नावाचा तरुण मदतनीस. मे 1735 मध्ये ते ला रोशेल बंदरातून निघाले. वाटेत सान-दोमँग बेटावर त्यांनी काही गुलाम विकत घेतले, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात सहसा हळूच ओलांडली जाते. कार्ताहेनात स्पॅनिश जोडी भेटली, पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून पुन्हा जहाज, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सगळे किटोत पोहोचले. ला कोंदामिन मात्र किनाऱ्यावर उतरून स्थानिक भूगोलज्ञ पेद्रो व्हिसेन्ते माल्दोनादोच्या मदतीने एस्मेराल्दासच्या जंगलातून वर चढला. तिथे त्याला एका झाडाचा चिकट, ताणला जाणारा चीक दिसला. तेच रबर. यारुकीची मोजणी सुरू होण्याआधीच कूप्ले तापाने गेला.

किटोत त्यांचे खरे हाल सुरू झाले. पॅरिसहून यायचा पैसा येईना. ला कोंदामिनने स्वतःच्या पेटीतले कपडे, झालरी, दागिने विकायला काढले, तर त्याच्यावर चोरट्या व्यापाराचा ठपका आला. नवा प्रांताध्यक्ष होसे दे आराउहो आधीच परक्यांवर डूख धरून होता. त्यात तरुण उयोआने त्याला लिहिलेल्या चिठ्ठीत मानाचं ‘सेन्योरिआ’ न घालता साधं ‘उस्तेद’ लिहिलं. आपल्याकडे दरबारी पत्रातला मायना चुकला तर जे व्हायचं तेच तिथे झालं. उयोआ जाब विचारायला थेट अध्यक्षाच्या घरात घुसला, त्याला पकडायचा हुकूम सुटला, भर रस्त्यात हुआनने तलवार उपसली, आणि दोघांनी जेझुइट पाद्र्यांच्या आश्रयाला धाव घेतली. मग हुआन गुपचूप लिमाला निसटला आणि थेट व्हाइसरॉयचं अभय घेऊन आला. पृथ्वीचा आकार मात्र मोजायचा तसाच राहिला होता.

1737च्या मध्यापासून त्रिकोणांचं काम सुरू झालं. आधाररेषेची लांबी माहीत असली की तिच्या दोन टोकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे. त्यावरून त्रिकोणाच्या उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. वाचायला सोपं, पण तो तिसरा बिंदू असतो साडेचार हजार मीटरांहून उंच डोंगरावर. पिचिंचाच्या शिखरावर उयोआ आणि त्याचे सोबती तेवीस दिवस राहिले. झोपडी एवढी लहान की सगळे दाटीवाटीने बसले तर दाराला जागा नाही. आत दिवे आणि निखाऱ्यांची शेगडी, तरी थंडी जात नसे. पाण्याऐवजी भांड्यात बर्फ वितळवायचा, भातात कोंबडीचा एखादा तुकडा, आणि ताटली शेगडीवरच धरून खायचं, नाहीतर घास तोंडापर्यंत येईतो गोठायचा. पाय सुजले, चालताना ठणकायचे. ओठ इतके फुटले की हसलं की रक्त यायचं. बाहेर धुकं. धुकं उठायचं तेव्हा समोरच्या शिखरावरचं निशाण वाऱ्याने पडलेलं असायचं, किंवा दोऱ्या-लाकडासाठी कुणी उचलून नेलेलं. दारासमोरचा बर्फ काढायला ठेवलेले मजूर एका रात्री पळून गेले. कुणालाही ते पळून गेल्याचं नवल वाटू नये. त्यांना ही नोकरी मर्जीने मिळालेली नव्हती. खाली गावांत एकच चर्चा होती की ही माणसं इंकांचं पुरलेलं सोनं शोधताहेत. एवढा त्रास कोण उगाच सोसेल, हा तर्क तसा बिनतोड होता.

याच सुमारास युरोपातून पत्रं आली. अकादमीने दुसरी तुकडी मॉपर्त्वीच्या हाताखाली लॅपलंडला, उत्तर ध्रुवाकडे पाठवली होती. ती वर्षभरात काम उरकून परतली होती आणि तिचा निकाल स्पष्ट होता: पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. न्यूटन जिंकला. ज्या प्रश्नासाठी हे लोक अँडीजमध्ये गारठत होते, त्याचं उत्तर दुसऱ्यांनीच दिलं. परत फिरावं की नाही यावर वाद झाला. बूगेर आणि ला कोंदामिन हटले नाहीत. आकार कळला असेल, पण किती चपटी हे नेमकं सांगायला विषुववृत्तावरचा आकडा लागणारच होता. माझ्या मते या मोहिमेचा खरा मोठेपणा इथे आहे. बक्षीस हातचं गेल्यावर त्यांनी आणखी सहा वर्षं काम केलं.

त्या सहा वर्षांत काय काय झालं! 1739च्या ऑगस्टमध्ये क्वेन्का शहरात बैलांच्या झुंजीच्या मैदानात जमावाने सेनिएर्गवर हल्ला केला आणि काही दिवसांत तो मेला. कारण प्रेमप्रकरण, मोडलेलं लग्न, मानापमान; लहान शहरातली भांडणं जगात सगळीकडे सारखीच. त्याच वर्षी स्पेन आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं, तेव्हा हुआन आणि उयोआला लिमाच्या किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी बोलावणं आलं. परत येऊन पाहतात तो आणखी एक भांडण उभं.

यारुकीच्या आधाररेषेची दोन टोकं, काराबुरो आणि ओयांबारो, कायमची ओळखू यावीत म्हणून ला कोंदामिन तिथे दगडी पिरॅमिड बांधत होता. हेतू शास्त्रीय होता. टोकंच हरवली तर मोजणी पुन्हा तपासणार कशी? पण त्यावरचा लॅटिन शिलालेख त्याने पॅरिसच्या पंडितांकडून घडवून घेतला होता, माथ्यावर फ्रान्सच्या राजाचं लिलीचं फूल होतं, आणि स्पॅनिश अधिकाऱ्यांचा दर्जा मदतनिसांचा होता. स्पेनच्या जमिनीवर स्पेनच्या राजाचा हा अपमान होता, आणि पाच वर्षं खांद्याला खांदा लावून मोजणी केलेल्या दोघांचाही. दोघांनी सरळ फिर्याद गुदरली. किटोच्या न्यायालयात हा खटला दोन वर्षं चालला. 1742 मध्ये निवाडा झाला की पिरॅमिड राहू द्या, नावं घाला, लिलीचं फूल काढा. माद्रिदला तेही पसंत पडलं नाही, आणि पाडून टाकण्याचा हुकूम आला. मग तो मागे घेणारा दुसरा हुकूम निघाला, पण तो पोहोचायच्या आत पिरॅमिड जमीनदोस्त झाले होते. आज दिसतात ते स्वतंत्र इक्वाडोरचा राष्ट्राध्यक्ष व्हिसेन्ते रोकाफुएर्ते याने 1836 मध्ये, शंभर वर्षांनी, पुन्हा बांधवले. एवढ्या कज्जात एकाही पक्षाला असं वाटलं नाही की दगड वाहणाऱ्यांची, बर्फ उपसणाऱ्यांची नावं कुठेतरी टिपावीत.

शेवटचं काम आकाशाचं होतं. जमिनीवर तीन अंशांहून अधिक लांबीची त्रिकोणांची साखळी पुरी झाली, पण ती नेमकी किती अंशांची हे ताऱ्यांवरूनच ठरायचं. उपकरण दगा देत होतं, आकडे जुळत नव्हते, वर्षं गेली. अखेर 1743च्या सुरुवातीला बूगेर उत्तर टोकाला कोचास्कीत आणि ला कोंदामिन दक्षिण टोकाला तार्कीत, असे दोघे एकाच वेळी एकाच ताऱ्यावर दुर्बीण लावून बसले. तारा होता मृग नक्षत्रातला, बाणाच्या तीन ताऱ्यांतला मधला. आकडा आला: अंशाची लांबी 56,753 त्वाझ. फ्रान्समध्ये ती 57,060 होती, लॅपलंडमध्ये त्याहून जास्त. पुढे फ्रेंच क्रांतीच्या काळात मीटर ठरवताना पृथ्वी किती चपटी धरायची, यासाठी हीच मोजणी वापरली गेली. 1799 सालच्या मीटरची व्याख्याही त्याच लोखंडी पट्टीवर केली गेली. त्वाझच्या 864 रेषांपैकी 443.296 रेषा, म्हणजे एक मीटर. आपल्या कापडवाल्याच्या दुकानातला मीटरही शेवटी यारुकीच्या त्या पट्टीच्याच वंशातला.

बूगेरने आणखी एक गोष्ट करून ठेवली. चिंबोराझोच्या अजस्र डोंगरापाशी त्याने ओळंबा सोडला आणि डोंगर तो स्वतःकडे किती ओढतो हे ताऱ्यांवरून मोजायचा प्रयत्न केला. ओढ होती, पण अपेक्षेपेक्षा खूप कमी. शंभर-सव्वाशे वर्षांनी भारतातल्या मोजणीत हिमालयाच्या पायथ्याशी हेच कोडं पुन्हा उभं राहिलं आणि त्यातून डोंगरांच्या मुळाशी हलका खडक खोलवर गेलेला असतो ही कल्पना पुढे आली. चिंबोराझोचं एक वैशिष्ट्य मात्र आज पर्यटकांना हमखास सांगितलं जातं. उंची 6,263 मीटर, एव्हरेस्टपुढे खुजाच. पण पृथ्वीचा फुगवटा इथे असल्याने पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं टोक चिंबोराझोचं आहे, एव्हरेस्टच्याही सुमारे दोन किलोमीटर पुढे.

परतीचे रस्ते सगळ्यांचे वेगळे. बूगेर 1744 मध्ये पॅरिसला पोहोचला. ला कोंदामिन अमेझॉनमार्गे मुद्दाम लांबच्या वाटेने 1745 मध्ये आला, आणि मग दोघे आयुष्यभर पुस्तकांतून एकमेकांशी भांडले. मोरँव्हील एका चर्चच्या परांचीवरून पडून मेला. ज्युसिए पस्तीस वर्षांहून अधिक काळ तिकडेच भटकला आणि 1771 मध्ये स्मृती गमावून परतला. मदतनिसांपैकी झां गोदँ दे ओदोने याने रिओबांबाच्या इसाबेलशी लग्न केलं होतं. तो पुढे वाट पाहायला कायेनला गेला आणि राजनैतिक घोळात वीस वर्षं अडकला. 1769 मध्ये ती चाळीसेक माणसांसह अमेझॉनकडे निघाली. जंगलात तिचे भाऊ मेले, बरोबरचे एकेक करून गेले किंवा पळाले. एकटी इसाबेल वाचली आणि नवऱ्याला भेटली. या एका बाईवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

आता इक्वाडोरला जाणारा पर्यटक काय पाहतो? देशाचं नावच या रेषेवरून पडलेलं, तेव्हा रेषेचं स्थळ हवंच. मोहिमेच्या द्विशताब्दीला, 1936 मध्ये, किटोच्या उत्तरेला एक स्मारक उभं राहिलं. 1979 ते 1982 दरम्यान त्याच जागी तीस मीटर उंचीचं नवं बांधलं, जुनं जवळच्या कालाकालीला हलवलं. वर पितळी रंगाचा पृथ्वीचा गोल, वाटेच्या दुतर्फा शास्त्रज्ञांचे अर्धपुतळे, जमिनीवर पिवळी रेघ. एक पाय उत्तर गोलार्धात, दुसरा दक्षिण गोलार्धात ठेवून फोटो काढायचा. गंमत अशी की उपग्रहांच्या मोजणीप्रमाणे खरं विषुववृत्त त्या रेघेच्या सुमारे 240 मीटर उत्तरेला आहे. दोन्ही पाय दक्षिणेतच. याचं खापर वाटाडे फ्रेंचांवर फोडतात, ते चूक आहे. त्यांनी ही रेघ कधी आखलीच नव्हती. शिवाय डोंगराळ मुलखात ओळंब्यावरून ताऱ्यांनी ठरवलेलं विषुववृत्त आणि उपग्रहाचं विषुववृत्त शेकडो मीटरनी वेगळं येऊ शकतं. बूगेरच्या ओळंब्याने तीच तर खूण दाखवली होती. शेजारच्या एका संग्रहालयात रेषेच्या दोन बाजूंना पाणी उलटसुलट फिरताना दाखवतात आणि खिळ्यावर अंडं उभं करतात. पृथ्वीच्या फिरण्याचा जोर बेसिनातल्या पाण्याला वळवण्याइतका नसतो, आणि अंडं कसबी माणसाच्या हातून पुण्यातही उभं राहतं. यारुकीच्या पठारावर 2013 पासून किटोचा नवा विमानतळ आहे. तिथे उतरणाऱ्यांपैकी पिरॅमिड पाहायला कितीसे जात असतील?

अर्थात दुसऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. ही त्रिकोणांची विद्या 1802 मध्ये विल्यम लॅम्टनने मद्रासला सुरू केली आणि वीस वर्षं मध्य भारतापर्यंत आणली. हा माणूस 1823 मध्ये मोजणी करता करता आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला, तिथेच पुरला गेला. हिंगणघाट म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो.

राहिले हुआन आणि उयोआ. उयोआला परतताना इंग्रजांनी पकडलं, पण लंडनमध्ये त्याला कैदेऐवजी रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. 1748 मध्ये दोघांचा प्रवासग्रंथ निघाला. प्लॅटिनम या धातूचं युरोपभर पोहोचलेलं पहिलं वर्णन त्यातलं. त्यापलीकडे 1749 मध्ये त्यांनी मंत्री एन्सेनादासाठी एक गुप्त अहवाल लिहिला, आणि त्यात पाहिलेलं सगळं मांडलं. विणकामाच्या कोठ्यांत कोंडलेले आदिवासी, पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारी उचल, चाबूक. खाणींची सक्तीची वेठ. अंमलदार बाजारभावाच्या कितीतरी पटीने नको त्या वस्तू गळ्यात मारत. दाढी न येणाऱ्यांना वस्तरेसुद्धा. पाद्री सणांच्या नावाने कोंबड्या, अंडी, मेंढ्या उपटत. लिहिणारे बंडखोर नव्हते, राजाचे एकनिष्ठ नोकर होते आणि स्वतः त्याच वेठीच्या मजुरांवर डोंगर चढले होते. कारभार सुधारला नाही तर मुलूख हातचा जाईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. या मोहिमेचं सर्वांत मोलाचं लिखाण कोणतं असं कुणी विचारलं, तर मी बूगेरचे आकडे बाजूला ठेवून हा अहवाल पुढे करीन. सरकारने तो दप्तरात बंद केला. डेव्हिड बॅरी नावाच्या इंग्रजाने 1826 मध्ये तो लंडनला छापला, अर्थात स्पेनची बेअब्रू करायलाच. त्याआधी दोन वर्षं, डिसेंबर 1824 मध्ये, पेरूतल्या आयाकुचोच्या लढाईत दक्षिण अमेरिकेतली स्पेनची शेवटची मोठी फौज शरण गेली होती.